गुडघे वाजतात, पण दुखतात का?

ओट्याखालच्या कप्प्यातून कुकर काढायला मी खाली बसले की उठताना दोन्ही गुडघे वाजतात. उजवा एकदाच, 'कट्' असा. डावा मात्र सावकाश, कुरमुऱ्यांची पिशवी दाबल्यासारखा. बाहेरच्या खोलीतून सासूबाई विचारतात, "उठलीस का गं?" त्यांना तेवढ्यावरून कळतं.

हे गेली बारा-तेरा वर्षं चाललंय. या काळात फुकटचे सल्ले भरपूर मिळाले. वंगण संपलं, गॅप पडली, वाटी घासली, कॅल्शियम कमी झालं, जिने बंद कर, मांडी घालू नकोस. घाबरून मी एक वर्ष जिने खरंच बंद केले. वर्षाअखेरीस गुडघे पूर्वीइतकेच वाजत होते, शिवाय दुखायला लागले होते. फिजिओथेरपिस्टने मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं आणि चौथ्या वेळी मी धापा टाकत होते. मांडीत ताकदच उरली नव्हती. आवाजाला घाबरून मी पायच वापरणं सोडलं होतं.

त्यानंतर जे शिकले, वाचलं आणि स्वतःच्या पायांवर करून पाहिलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. मी डॉक्टर नाही. तपासणीची गरज कधी असते, तेही पुढे येईलच.

आधी आवाज ओळखा

सांध्यात थोडासा चिकट द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांधा ताणला गेला की आतला दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि 'कट्' ऐकू येतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटं ओढून मोडताना त्यांचं एमआरआय चित्रण केलं, त्यात ही पोकळी तयार होताना दिसली. असा आवाज एकदा आला की साधारण वीस मिनिटं तोच सांधा पुन्हा तसा वाजत नाही. माझ्या उजव्या गुडघ्याचा स्वभाव हाच आहे.

बोटं मोडली की सांधे खराब होतात, असं आपल्याकडे आज्या सांगतात. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनाही त्यांची आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासूबाई हेच सांगत. त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. या खटाटोपासाठी २००९ मध्ये त्यांना गमतीचं 'इग नोबेल' मिळालं. एका माणसाच्या बोटांवरून गुडघ्याचा निकाल लागत नाही हे खरं, पण भीतीचा जोर थोडा कमी होतो.

दुसरा आवाज 'टप्' असा, बहुतेक गुडघ्याच्या कडेने येणारा. स्नायूची दोरी किंवा एखादा पडदा हाडाच्या उंचवट्यावरून सरकला की तो येतो. तिसरा माझ्या डाव्या गुडघ्याचा, करकर. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वर-खाली सरकते. तिथला गुळगुळीत थर थोडा खडबडीत झाला की हातालाही ती करकर जाणवते. वाटीवर तळवा ठेवून खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ करून पाहा. हा आवाज धडधाकट तरुणांतही सापडतो आणि झिजलेल्या गुडघ्यातही, म्हणून नुसत्या आवाजावरून निदान होत नाही.

आता 'गॅप' आणि 'वंगण' यांचा हिशोब. एक्स-रेत दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते, ती मोकळी नसते. तिथे कूर्चा (हाडांवरचा तोच गुळगुळीत थर) आणि गादी असते, ती एक्स-रेत उमटत नाही. कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे 'गॅप पडली' हे उलटंच आहे, गॅप बुजत चाललेली असते. वंगणाचंही तसंच. निरोगी गुडघ्यात द्रव अगदी मोजकाच असतो, आणि चिडलेल्या गुडघ्यात तो वाढतो. 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतात ते हेच. कॅल्शियमच्या गोळीचा या आवाजाशी संबंध नाही. हाडांच्या बळकटीसाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जरूर घ्यावी, करकर थांबेल म्हणून नको.

पायरी १ : आठ दिवस नोंद ठेवा

वहीत किंवा मोबाइलमध्ये, रोज दोन ओळी पुरतात. आवाज कधी आला: जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना, की सपाट चालतानाही? त्याच क्षणी दुखलं का, आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती? जागा कुठली: वाटीमागे, आतल्या बाजूच्या सांध्याच्या रेषेवर, की गुडघ्याच्या मागे? सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला किती मिनिटं राहिला? मध्येच अडकला का? चालताना अचानक दगा दिल्यासारखा वाकला का?

सूज पाहायची साधी रीत आहे. पाय सरळ करून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवा. वाटीच्या दोन्ही बाजूंना हलके खळगे असतात. एका गुडघ्याचे खळगे भरून आले असतील तर आत पाणी आहे. शंका वाटली तर शिवणकामाची टेप वाटीच्या मधोमध गुंडाळून दोन्ही मापं लिहा. डॉक्टरांना 'थोडं सुजल्यासारखं वाटतं' यापेक्षा असा आकडा जास्त उपयोगी पडतो.

पायरी २ : कुठल्या गटात बसता ते ठरवा

*आजच दाखवा.* कबड्डी, फुटबॉल किंवा दुचाकीवरून पडताना गुडघ्यात 'फट्' झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी गुडघा चोळायचा नाही आणि मसाजवाल्याकडून 'बसवून' तर मुळीच घ्यायचा नाही.

मार लागल्यावर एक्स-रे हवा की नको, यासाठी डॉक्टर वापरतात ते ओटावाचे नियम घरीही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वय ५५ किंवा त्याहून जास्त, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखणं, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचं टोक लागतं तिथे दाबल्यावर दुखणं, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणं, चार पावलंही न टाकता येणं. यातलं एक जरी लागू असलं तरी एक्स-रे काढावा. पडल्यानंतर झोपल्या झोपल्या पाय सरळ उचलता येत नसेल तर वाटी किंवा तिची दोरी तुटलेली असू शकते, तेही त्याच दिवशीचं काम.

न पडताही घाई करावी अशा तीन गोष्टी आहेत. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. तो थोड्या दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो, म्हणून सकाळची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात नाही. दुसरी, गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला आणि सरळच होत नाही. तिसरी गुडघ्याची नाहीच, पण अनेकदा त्याच्याच नावावर खपते: एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणं. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. सोबत दम लागत असेल तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

*या आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवा.* सूज आठवडाभर उतरत नाही, गुडघा वारंवार दगा देतो, रात्री दुखण्याने झोप मोडते, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो किंवा बोटं-मनगटंही सुजतात. शेवटच्या दोन गोष्टी आमवातासारख्या आजाराकडे बोट दाखवतात, आणि त्यात उशिराची किंमत मोठी असते. मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल तर डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा. मुलांमध्ये खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि मोठी माणसं गुडघ्याला तेल लावत बसतात.

*घरीच काम सुरू करा.* आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, अडकत नाही. किंवा जिना उतरताना, बराच वेळ बसून उठल्यावर वाटीमागे थोडं दुखतं आणि दोन पावलांत मोकळं होतं. आपल्यापैकी बहुतेक जण या गटात असतात.

मग आवाजाकडे अगदी दुर्लक्ष करायचं का? तसंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेतीन हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी सुरुवातीला 'गुडघे नेहमी करकरतात' असं सांगितलं, त्यांना पुढच्या चार वर्षांत दुखरी झीज होण्याची शक्यता कधीच आवाज न येणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. मात्र ज्यांना ती झाली, त्यातल्या बहुतेकांच्या एक्स-रेत झीज आधीपासून होती, फक्त दुखत नव्हती. माझ्या लेखी याचा अर्थ एवढाच, की चाळिशीनंतर रोज करकर होत असेल तर मांडीच्या व्यायामाला आजच लागावं.

पायरी ३ : मांडीत ताकद आणा

हीच खरी पायरी, बाकीच्या तिच्या भोवतीच्या.

आधी मोजा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर आडवे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं? साठ ते चौसष्ट वयाच्या बाईने बारापेक्षा कमी, पुरुषाने चौदापेक्षा कमी वेळा केलं तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी धरतात. मी बेचाळीस वर्षांची होते आणि नऊवर थांबले. आकडा लिहून ठेवा, दर महिन्याला तोच पुन्हा पाहायचा आहे.

पहिले दोन आठवडे जमिनीवर किंवा पलंगावर. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने तो खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला पाहिजे, हात लावून खात्री करा. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचला आणि त्याहून सावकाश खाली आणा. दहा वेळा, दोन्ही पायांनी. तिसरा व्यायाम पुलाचा: दोन्ही पाय दुमडून कंबर उचलायची. वाटी खाचेत नीट चालायला कुल्ले आणि खुबाही लागतात, हे मला खूप उशिरा कळलं.

तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहून. खुर्चीवरून उठ-बस हाच मुख्य व्यायाम. बसताना आधी कंबर मागे जाऊ द्या, गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, आत पडू देऊ नका. खाली जायला मनात तीन आकडे मोजा. खुर्चीवर धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आठ ते बारा वेळा, मग दोन मिनिटं थांबून आणखी एक-दोन फेऱ्या. बसकी जागा अवघड वाटली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, सोपी झाली की उशी काढा. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळही सत्कारणी लागतो.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास जिन्याची सर्वांत खालची पायरी घ्या. एक पाय पायरीवर ठेवून चढायचं आणि त्याच पायावर भार ठेवत दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा. उतरणं चढण्यापेक्षा कठीण असतं, म्हणून सरावही त्याचाच हवा. कठडा धरायला लाज वाटू देऊ नका.

हा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. रोज केलं तर लवकर बरं होईल या हिशोबाने मी पहिल्याच आठवड्यात गुडघा सुजवून घेतला होता. फरक जाणवायला सहा आठवडे लागतात, चांगला फरक तीन महिन्यांनी.

दुखण्याचा नियम असा: व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर फेऱ्या कमी करा किंवा कमी खाली बसा, व्यायाम सोडू नका. आणि आवाज? तो येणारच. करकरीला दुखण्याची जोड नसेल तर मोजणी थांबवायची नाही.

बैठका आणि सूर्यनमस्कार वाईट आहेत का, असं खूप जण विचारतात. नाहीत. ज्याला पन्नास बैठका सुखाने मारता येतात त्याने माराव्यात. पंधरा वर्षांनी एकदम रथसप्तमीच्या मुहूर्तावर १०८ सूर्यनमस्कार घालणाऱ्याचे गुडघे दुखतात, तिथे दोष सूर्यनमस्कारांचा नसतो.

पायरी ४ : घरातल्या आणि बाहेरच्या सवयी

मांडी घालून बसणं किंवा उकिडवं बसणं दुखत नसेल तर सोडायचं कारण नाही. दुखत असेल तर काही महिने टाळा: भाजी निवडायला पाट सोडून स्टूल घ्या, पूजेला चौरंग उंच करा, भारतीय शौचालय असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची आणा आणि भिंतीला दांडा बसवून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा दांडा कुठल्याही तेलापेक्षा उपयोगी आहे.

जिन्यावर एका पायाला त्रास असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. लोकलच्या पुलावर गर्दीत हे आठवत नाही, म्हणून घरच्या जिन्यावर सवय लावा.

रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचे गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. दोन काठ्या घ्या, छोटी पावलं टाका, धावत उतरू नका. वारीला जाणार असाल तर आदल्या दोन महिन्यांत रोजचं चालणं हळूहळू वाढवा, आणि नवे बूट वाटेत पहिल्यांदा घालू नका.

वजनाबद्दल कोणी बोललं की मलाही राग येतो, पण आकडा सांगायलाच हवा. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, झीज असलेल्या जाड व्यक्तींचं वजन एक किलोने उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचं दिसलं. दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करा.

पायरी ५ : पैसे कुठे घालवू नयेत

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मी सहा महिने घेतल्या. २००६ मध्ये अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत एकंदरीत त्या खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नव्हत्या, हे नंतर वाचलं. नी-कॅपने आधार वाटतो, प्रवासात किंवा वारीत घालायला हरकत नाही. दिवसभर घालून मांडीचं काम मात्र तो करत नाही. तिळाचं तेल, महानारायण तेल चोळल्याने बरं वाटतं ते ऊब आणि हाताच्या स्पर्शामुळे. तेल मुरून सांध्याला वंगण होत नाही. निरगुडीच्या पाल्याचा शेकही चालेल, फक्त गुडघा गरम आणि सुजलेला असेल तेव्हा नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेक जपून, भाजलेलं कळत नाही.

दुखण्यावर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं जेल हा त्यातल्या त्यात समंजस पहिला उपाय आहे. तीच औषधं गोळीच्या रूपात रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिघांनाही ती जड जातात.

आणि एमआरआय. साध्या करकरीसाठी तो काढण्याची घाई नको. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या लोकांचे गुडघे तपासले, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात काहीच त्रास झाला नव्हता. अहवालात 'टिअर' हा शब्द वाचला की माणूस त्याच दिवसापासून लंगडू लागतो. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून 'साफसफाई' करण्याचंही तसंच आहे. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा खरी शस्त्रक्रिया आणि नुसता चीर देऊन केलेलं नाटक यांच्या परिणामात फरक निघाला नाही. अडकलेल्या गुडघ्याची किंवा खेळाडूच्या ताज्या दुखापतीची गोष्ट वेगळी.

पायरी ६ : डॉक्टरांकडे जाताना

आठ दिवसांची नोंद, सूजेची मापं, चालू गोळ्यांची यादी न्या. सैल पायजमा किंवा हाफ पँट घाला, साडी-जीन्समध्ये तपासणी अर्धवट होते. झिजेसाठी एक्स-रे काढणार असतील तर तो उभं राहून काढायचा का, हे विचारा. झोपून काढलेल्या एक्स-रेत भाराखालची जागा कळत नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे, हालचालीने दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत, एवढ्यावरून झिजेचं निदान एक्स-रेशिवायही करता येतं. डॉक्टरांनी तो सांगितला नाही म्हणून रागावू नका.

गुडघा बदलायचा सल्ला मिळाला तर तो आवाजासाठी नाही ना, एवढं आधी पाहा. नीट तीन महिने व्यायाम झाला आहे का, रात्रीची झोप मोडते का, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं थांबलंय का, यावर तो निर्णय ठरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम प्रकाराची कमाल किंमत तेव्हा करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली होती. म्हणून अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा आणि सध्याची मर्यादा विचारून घ्या.

उठण्याआधी शेवटचा प्रश्न: "घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात कोणता व्यायाम, किती वेळा आणि कितपत दुखलं तर थांबायचं?" उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसतं 'व्यायाम करा' एवढंच उत्तर मिळालं, तर फिजिओथेरपिस्टच्या नावे चिठ्ठी मागून घ्या.